फ्रीलान्स लेखनाचा व्यवहार कसा सांभाळावा: बयाण्यापासून वसुलीपर्यंत

"आधी काम चांगलं करून दाखव, पैसे मागाहून येतात." इंदुरात मी घरून लेखन-अनुवादाचं काम सुरू केलं तेव्हा हे वाक्य मला निदान पाच वडीलधाऱ्यांनी ऐकवलं. पाचही जण नोकरदार होते. दर महिन्याच्या एक तारखेला ज्यांच्या खात्यात पगार पडला, त्यांचा तो अनुभव. स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याला तो लागू पडत नाही. काम चांगलं झालं की काम देणारा खूश होतो, तेवढंच. पैसे त्याच्या हिशेबनिसाच्या टेबलावरून येतात, आणि त्या टेबलावर कोणते कागद पोचले पाहिजेत हे आपल्यालाच पाहावं लागतं.

ज्यांना लिहिता येतं आणि ज्यांच्याकडे दोन-चार कामं येऊ लागली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कामं कुठे शोधावी, वेबसाइट कशी असावी, कार्डावर कोणता लोगो छापावा हे इथे सापडणार नाही. लोगो पाहून काम मिळाल्याचं मला चौदा वर्षांत आठवत नाही. बिल वेळेवर न दिल्यामुळे पैसे अडकल्याचं मात्र बरंच आठवतं.

खातं आणि बिलबुक

कामाचं बँक खातं घरच्या खात्यापासून वेगळं ठेवा, पॅन आधारशी जोडलेलं आहे ना ते पाहा, आणि बिलांना 1 एप्रिलपासून सलग क्रमांक द्या. एवढं झालं की पुढे चला.

दर ठरवणं

"बाजारात काय रेट चाललाय?" असं विचारून दर ठरवू नका. विजयनगरमधली एजन्सी, भंवरकुआच्या कोचिंगवाल्यांसाठी नोट्स लिहिणारा विद्यार्थी आणि पिथमपूरच्या कारखान्याचा वार्षिक अहवाल लिहिणारा अनुभवी लेखक, या तिघांचा बाजार एक नाही.

आपल्या घरापासून मोजा. समजा वर्षाला घरखर्च, कर, विमा आणि थोडी बचत धरून 6,00,000 रुपये लागतात. वर्षाचे 365 दिवस असले तरी सण, आजारपण, रविवार, बैठका, दुरुस्त्या आणि वसुलीचे फोन वजा केले की प्रत्यक्ष नवं लिहिण्याचे 120 दिवस उरतात. माझ्या वहीत तीन वर्षं हा आकडा याच्याच आसपास आला. दिवसाला 1,000 पक्के शब्द धरले तर वर्षाचे 1,20,000 शब्द. म्हणजे शब्दाला 5 रुपये. याच्या खाली काम घेतलं की उरलेलं घर कुणीतरी दुसरं चालवतंय, बहुतेक नवरा, बायको किंवा वडील. ते चालत असेल तर जरूर घ्या, पण समजून घ्या.

शब्दाचा दर आपल्या वहीत ठेवा, ग्राहकाला पूर्ण कामाचा आकडा सांगा. शब्द मोजून पैसे मिळणार म्हटलं की तो मजकूर कापून बिल कमी करायला बघतो आणि आपण पसरट लिहायला लागतो.

"आत्ता कमी घ्या, पुढे भरपूर काम आहे," या बोलीवर दर उतरवू नका. पुढचं काम मिळेल तेव्हा पुढच्या कामावर सूट द्या.

कामाचा कागद

करार हा शब्द ऐकला की इंदुरात समोरचा बिचकतो. "ताई, आपसात काय लिखापढी?" म्हणूनच मी करार म्हणत नाही. फोन झाला की त्याच संध्याकाळी एक ईमेल पाठवते, विषय 'आजच्या बोलण्याप्रमाणे'. त्यात काम काय, किती पानं, मूळ माहिती कोण आणि कधी देणार, पहिला मसुदा कोणत्या तारखेला, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, रक्कम किती, बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम किती, बाकी कधी. शेवटी एवढंच: "यात काही बदल असेल तर कळवावं, नाहीतर बयाणा जमा झाल्यावर काम सुरू करते." ग्राहकाचं "ठीक है मैडम" असं एका ओळीचं उत्तर आलं की कागद तयार झाला. ते उत्तर व्हॉट्सॲपवर आलं तर त्याचा फोटो काढून ठेवण्यापेक्षा ईमेलवरच मागून घ्या. फोन बदलतात, चॅट उडतात.

दुरुस्तीच्या फेऱ्यांचा आकडा मात्र विसरू नका. फेरी म्हणजे काय तेही लिहा: सगळ्यांचे शेरे एकत्र करून एकाच वेळी पाठवणं म्हणजे एक फेरी. एरवी अध्यक्ष सोमवारी शेरा देतात, सचिव गुरुवारी, आणि अध्यक्षांच्या सूनबाई रविवारी.

बयाणा

निम्मा. नव्या ग्राहकाकडून निम्म्याच्या खाली कधीच नाही.

माझे मामा सियागंजात एका किराणा पेढीवर मुनीम होते. गाडीवरून पोतं उतरायच्या आधी पर्ची फाटलेली असायची, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. नाव, वजन, भाव, तारीख. ओळख तीन पिढ्यांची असली तरी पर्ची फाटायचीच, आणि त्याचा अपमान कुणालाही वाटत नसे. तोच व्यापारी आपल्या दुकानाची माहितीपुस्तिका लिहून घेताना मात्र बयाण्याचं नाव काढलं की म्हणतो, "विश्वास नहीं है क्या?" अशा वेळी मी शांतपणे त्यांच्याच पेढीची रीत सांगते. जो बयाणा देत नाही तो बाकीही देत नाही. याला अपवाद सरकारी खाती आणि मोठ्या कंपन्या. तिथे बयाण्याऐवजी लेखी कार्यादेश घ्यावा.

मान्यतेची तारीख: इथेच सगळे अडकतात

माझ्या पहिल्या चार वर्षांतली बहुतेक बुडीत रक्कम या एका जागी बुडाली, त्यामुळे इथे जरा थांबते.

एका शिक्षणसंस्थेची स्मरणिका होती. 86 पानं, रौप्यमहोत्सवी. जुन्या शिक्षकांच्या मुलाखती, संस्थेचा इतिहास, हिंदी भाषणांचे मराठी अनुवाद. रक्कम 90,000. बयाणा म्हणून 15,000 मिळाले आणि मी तेवढ्यावर खूश झाले. बाकी 'काम पूर्ण झाल्यावर' असं बोलणं झालं होतं. मी पूर्ण मजकूर 3 जूनला पाठवला. जूनभर उत्तर आलं, "देख रहे हैं." जुलैमध्ये "साहेब बाहेर आहेत." ऑगस्टमध्ये "छपाईला जाऊ दे." स्मरणिका ऑक्टोबरात छापली गेली, समारंभात वाटली गेली, मला पहिल्या रांगेत बसवून श्रीफळही दिलं. पैसे विचारले तर उत्तर आलं, "अजून समितीने काम मान्य केलेलं नाही." छापलं, वाटलं, आणि मान्य नाही.

माझी चूक 'काम पूर्ण झाल्यावर' या तीन शब्दांत होती. काम पूर्ण कधी होतं? मजकूर पाठवला तेव्हा? साहेबांनी वाचला तेव्हा? छापून आला तेव्हा? हे ठरवण्याचा अधिकार मी त्यांच्या हाती देऊन बसले होते, आणि ज्याने पैसे द्यायचे त्याच्या हाती तो दिला की काम कधीच पूर्ण होत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही. पैशांची तारीख कधीही 'प्रकाशनानंतर', 'मंजुरीनंतर' किंवा 'काम पूर्ण झाल्यावर' अशी लिहू नका. ती 'मजकूर पोचवल्यापासून इतक्या दिवसांत' अशीच लिहा. प्रकाशन कागदाच्या भावावर, निवडणुकीवर, जाहिरातींवर, संपादकाच्या बदलीवर ठरतं. त्यातलं काहीही आपल्या हातात नाही. पोचवणं आपल्या हातात आहे आणि त्याची ईमेलवर तारीख-वेळ उमटते.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ती तुम्हाला आजच कळावी असं मनापासून वाटतं. 'मान्यता' कधी झाली हे भारतीय कायद्याने आधीच ठरवून ठेवलं आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006, हा कारखान्यांसाठीच आहे असा समज आहे. तो सेवा देणाऱ्यांनाही लागू होतो, आणि घरी टेबलाशी बसून लेखन-अनुवादाची सेवा देणारा एकटा माणूसही त्यात सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. या कायद्याप्रमाणे सेवा पोचवल्यापासून 15 दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी सेवा पोचली तोच मान्यतेचा दिवस धरला जातो. तोंडी हरकत चालत नाही. "साहेब बाहेर आहेत" ही हरकत नव्हे.

माझ्याच उदाहरणाचा हिशेब मांडते. मजकूर 3 जूनला पोचला. 18 जूनपर्यंत लेखी हरकत आली नाही, म्हणजे मान्यता 3 जूनचीच. पैशांची मुदत लेखी ठरलेली नसेल, तर त्या दिवसापासून 15 दिवस, म्हणजे 18 जूनपर्यंत पैसे यायला हवेत. मुदत 30 दिवसांची लिहिलेली असेल तर 3 जुलैपर्यंत. आणि समोरच्याने अडवून 60 किंवा 90 दिवस लिहून घेतले असतील तरी कायदा 45 दिवसांच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणजे शेवटची तारीख 18 जुलै. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज लागतं. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी लागतं.

हे सगळं उपयोगी पडावं यासाठी अट एकच: 'उद्यम' नोंदणी, आणि तीही काम घेण्याच्या आधी. ती 1 जुलै 2020 पासून सरकारी पोर्टलवर पॅन आणि आधारच्या आधारे होते. त्याला एक रुपयाही लागत नाही. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट्स हजार-दोन हजार मागतात, त्यांच्याकडे वळूच नका. नोंदवताना कामाचा प्रकार 'सेवा' निवडा, 'व्यापार' नको. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना उशिराच्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही. मला पैसे अडकल्यावर नोंदणी सुचली होती आणि त्या स्मरणिकेला तिचा काही आधार मिळाला नाही. जुन्या कामासाठी नंतर केलेली नोंदणी पुढे करून भांडायला जाऊ नका. आज नोंदणी करा आणि उद्याच्या कामापासून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा.

बिलावर तो क्रमांक का हवा, याचं आणखी एक कारण आहे. ग्राहकाकडचा सीए ते लगेच ओळखतो. 1961 च्या आयकर कायद्यात 43बी या कलमाला 'एच' असा एक तुकडा जोडला गेला आणि तो आर्थिक वर्ष 2023-24 पासून लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं वर सांगितलेल्या मुदतीपलीकडे थकवलं, तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा करता येत नाही. पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच वजा होतो. म्हणजे तुमचे 75,000 मार्चअखेर थकवले, तर तेवढ्या रकमेवरचा कर त्याला या वर्षी जास्त भरावा लागतो. समितीला न समजणारी गोष्ट सीएला एका क्षणात समजते. म्हणून माझं थकबाकीचं पत्र आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जातं, आणि ते लेखा विभागाच्या नावे जातं.

आता पोचवण्याबद्दल. शेवटचा मसुदा पाठवताना ईमेलमध्ये ही ओळ मी नेहमी घालते: "कामाचा संपूर्ण मजकूर आज दिनांक अमुक रोजी पोचवला आहे. काही हरकत किंवा दुरुस्ती असल्यास 15 दिवसांत लेखी कळवावी." आणि त्याच ईमेलला बिल जोडते. त्याच ईमेलला, दुसऱ्या दिवशी नाही. बरेच जण "त्यांना वाचू दे, मग बिल पाठवू" असं म्हणत आठवडा घालवतात. बिल नाही म्हणजे देणं नाही, असा हिशेबनिसांचा सरळ नियम असतो आणि त्यात त्यांची चूक नाही.

अर्धवट थांबलेल्या कामाचं काय? संपादक बदलला, अंक रद्द झाला, ट्रस्टमध्ये वाद झाला. कामाच्या कागदात आधीच लिहून ठेवा: पहिला मसुदा पोचल्यावर काम रद्द झालं तर रकमेचे 75 टक्के द्यावे लागतील, त्याआधी रद्द झालं तर बयाणा परत मिळणार नाही. हे वाक्य घातल्यापासून माझ्याकडे रद्द होणारी कामं कमी झाली.

तगादा कसा लावावा

तगाद्याची लाज वाटणारे लेखक मी खूप पाहिले. लेखकाने पैशांविषयी बोलू नये, संबंध बिघडतात, असं आपल्या मराठी घरांत फार पक्कं बसलं आहे. गाणं शिकवणाऱ्या काकूंची फी पाकिटात घालून, तोंड दुसरीकडे करून देण्याची पद्धत अजून आहे. माझं मत याच्या उलट आहे. संबंध बिघडतात ते तीन महिने गप्प बसून चौथ्या महिन्यात चिडून फोन केल्यामुळे. तारखेच्या तारखेला आलेल्या दोन ओळींनी कुणाचाच संबंध बिघडत नाही.

मुदतीच्या पाच दिवस आधी एक साधी आठवण पाठवा: बिल क्रमांक, रक्कम, तारीख. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरी, तेवढीच शांत. सातव्या दिवशी फोन, आणि तो संपादकाला किंवा काम सांगणाऱ्याला नाही. त्याला एकच विचारायचं: "अकाउंट्स में किनसे बात करूँ?" नाव मिळालं की पुढचं सगळं त्या माणसाशी. आपलं बिल कुठल्या टप्प्यावर आहे, कुणाची सही राहिली, बँकेचा तपशील चुकला का, हे त्यालाच माहीत असतं. अर्ध्या वेळा कारण किरकोळ निघतं. एकदा माझं बिल दोन महिने पडून होतं, कारण त्यावर ग्राहकाच्या कंपनीचं नाव अपुरं होतं आणि ते कुणी मला सांगितलं नव्हतं.

फोन झाल्यावर जे ठरलं ते लगेच ईमेलवर लिहा: "आपण 20 तारखेपर्यंत 40,000 जमा होतील असं सांगितलंत, धन्यवाद." आणि समोरच्याकडून एकदा तरी लेखी उत्तर मिळवा की एवढं देणं बाकी आहे. पैशांच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो. मुदत संपण्याआधी देणं मान्य असल्याचं त्याच्या सहीचं लेखी उत्तर मिळालं, तर ती मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

थकबाकी असताना त्याच ग्राहकाचं नवं काम सुरू करू नका. ही चूक मीही केली आहे, "हे एक अर्जंट करून दे, दोन्हींचं एकदम देतो," या आश्वासनावर. दोन्हींचं एकदम अडकलं.

त्यानंतर पत्र. त्यात भावना नकोत. सेवा पोचल्याची तारीख, 15 दिवसांत हरकत न आल्याची नोंद, पैशांची कायदेशीर शेवटची तारीख, आजपर्यंतचं व्याज, आणि शेवटी एवढंच की पंधरवड्यात रक्कम न आल्यास केंद्र सरकारच्या थकीत देण्यांच्या पोर्टलवर अर्ज करू. तो अर्ज राज्याच्या सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकीत पैशांचे असे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, जातो. कायद्यात निकालाची मुदत 90 दिवसांची आहे, आणि परिषदेच्या निकालाविरुद्ध न्यायालयात जायचं तर ग्राहकाला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. नोंदणीनंतर माझ्यावर अशी वेळ दोनदा आली, आणि दोन्ही वेळा पत्रावरच काम झालं; अर्ज करावाच लागला नाही. पत्र मी स्वतः लिहिलं, वकिलाकडून फक्त एकदा वाचून घेतलं.

इंदुरात आणखी एक वेळ लक्षात ठेवा. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे. वहीपूजनाच्या आधी जुनी देणी चुकती करण्याची रीत सराफ्यात, कापड बाजारात अजून जिवंत आहे. त्या दिवसांत समक्ष जा, मुनीमजींसमोर बसा, चहा घ्या. ईमेलला तीन महिने उत्तर न देणाऱ्या पेढीने मला धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी हिशेब चुकता करून दिला आहे.

टीडीएस आणि जीएसटी

टीडीएस म्हणजे ग्राहकाने पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर. कुणी तुमच्या बिलातून दहा टक्के कापेल, कुणी एक. व्यावसायिक सेवेची फी म्हटलं तर दहा, कंत्राट म्हटलं तर व्यक्तीसाठी एक. त्यावर वाद घालत बसू नका. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर प्रत्यक्ष जमा झाली की नाही हे दर तिमाहीला आयकर पोर्टलवर पाहा. कापली आणि भरलीच नाही, असं होतं, आणि वर्ष उलटल्यावर ते निस्तरणं फार त्रासाचं जातं. व्यावसायिक फीसाठीची वर्षाची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 30,000 वरून 50,000 झाली आहे. त्याखाली कुणी कापत असेल तर विचारा. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे जुन्या नमुन्याच्या पत्रातले आकडे सीएकडून तपासून घ्या.

कापून गेल्यावरही वर्षाचा कर 10,000 च्या वर देणं निघत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो: 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च. प्रत्येक जमा रकमेतला ठरावीक हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका म्हणजे मार्चमध्ये धावपळ होत नाही.

निम्मं उत्पन्न नफा धरून कर भरायची, 1961 च्या आयकर कायद्यातल्या 44एडीए कलमाची सोय 'सगळ्या फ्रीलान्सरना' मिळते असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. ती सोय ठरावीक व्यवसायांना आहे: वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, हिशेब तपासनीस वगैरे. चित्रपटासाठी कथा, पटकथा, संवाद लिहिणारे त्या यादीत येतात. माहितीपुस्तिका आणि अनुवाद करणाऱ्याने मात्र स्वतःच्या कामाचं स्वरूप सीएला दाखवूनच ठरवावं.

जीएसटीबद्दल "नंबर असला की मोठे वाटता," हा सल्ला कृपया ऐकू नका. सेवांसाठी वर्षाच्या उलाढालीची मर्यादा 20 लाख आहे, आणि मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला सेवा दिली तरी त्या मर्यादेत नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी घेतली की एकही बिल नसलेल्या महिन्यांचीही विवरणं भरावी लागतात, उशीर झाला तर दंड, आणि लहान ग्राहकाला तुमचं काम 18 टक्क्यांनी महाग होतं.

हक्क कोणाचे

नोकरीत नसताना लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक साधारणपणे लेखकच असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोला किंवा चित्राला कॉपीराइट कायद्यात वेगळा नियम आहे, मजकुराला तो लागत नाही. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखकाच्या किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीच्या सहीचा लेखी कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं 1957 च्या कायद्याचं 19 वं कलम सांगतं. म्हणून कामाच्या कागदात एक ओळ घाला: "संपूर्ण रक्कम जमा झाल्यावर हक्क हस्तांतरित होतील." ही ओळ असताना पैसे न देता स्मरणिका छापणं अध्यक्षांना अवघड झालं असतं. कथा, कविता, स्वतःची पुस्तकं यांचे हक्क मात्र एकगठ्ठा विकू नका. तिथे अनुवाद, ध्वनिपुस्तक, चित्रपट यांची नावं वेगवेगळी लिहून प्रत्येकावर वेगळं बोला.

महिनाअखेर

एक वही, सात रकाने: बिल क्रमांक, ग्राहक, पोचवल्याची तारीख, शेवटची तारीख, रक्कम, कापलेला कर, जमा. महिन्यातून एकदा अर्धा तास.

त्या शिक्षणसंस्थेने अखेर अकराव्या महिन्यात 75,000 पैकी 60,000 दिले आणि मी उरलेले सोडून दिले. दोन वर्षांनी त्यांचा पुन्हा फोन आला, यावेळी वार्षिक अहवालासाठी. मी आकडा सांगितला आणि पूर्ण रक्कम आधी मागितली. सचिव थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ताई, बिल कोणत्या नावाने पाठवाल?" मी संस्थेचं पूर्ण नाव त्यांच्याकडूनच एकेका अक्षराने लिहून घेतलं.